धुऱ्यावरची सायकल

९ मार्च, रवि. पुणे
सकाळी मागच्या टेकडीवर. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत उतारावर मागचं चाक सरकलं, कोपर सोललं. काही विशेष नाही.
घर सोडून आठ वर्षं झाली. सुरत सोडली, नागपूर सोडलं, चार कामं सोडली. इथं सायकलच्या दुकानात पाच वर्षं टिकलो ते या टेकडीमुळं. माझ्या सायकलची फ्रेम एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेली, पुढचा चिमटा दुसऱ्याचा, चाकं तिसऱ्याची. जोडून जोडून उभी केली.
दुपारी कांचनचा फोन, दिघोरीवरून. साकोलीच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, सतरा तारखेपासून. लग्नाला दीड वर्ष. त्यातले तीन महिने ती पुण्यात, बाकी माझ्या आईबापाजवळ. म्हणे, "तुमी या साकोलीले. नाही जमत तं मी नाही म्हणून सांगतो त्याईले, येतो पुण्याले. पर एकदा पाहून तं घ्या."
म्हटलं पाहू. तिनं फोन ठेवल्यावर पण पाहूच म्हणत होतो.

११ मार्च, मंगळ.
शेठला सुट्टी मागितली. कारण सांगितलं. शेठ हसला. "जागा बदलताना माणूस पाणी बघतो, शाळा बघतो. तू काय बघणार, चढ?" हो म्हटलं. खोटं कशाला.
मग पंक्चर काढता काढता नीट बोलला. त्यानं स्वतः तीन गावं बदलली. म्हणाला, नुसती टेकडी बघू नकोस. कच्ची वाट कुठून निघते, त्या वाटेवर रोज कोण चालतं, पावसात तिचं काय होतं, अन् बिघडली तर ट्यूब कुठं मिळते. सोबतीला अजून दोघं चालवणारे नसतील तर सहा महिन्यांत सायकल खुंटीवर.
दहा दिवस दिले.

२२ मार्च, शनि. गाडीत
चाकं काढून सायकल पोत्यात बांधली, बाकाखाली सरकवली. समोरच्या बाईनं विचारलं, शिलाई मशीन आहे का. म्हटलं हो.
साकोली मला माहीत ती बस स्टँडपुरती. दिघोरीला जायची बस तिथं बदलायची, तर्री-पोहे खायचे, चढायचं. त्या गावात राहायचं असं मनात आणून कधी पाहिलंच नाही.

२४ मार्च, सोम. साकोली
कां.ची खोली बरी आहे. खिडकीतून आंबा दिसतो. घरमालक आनंदराव काका, साठीच्या वरचे. घर साकोलीत, धानाची शेती इथून पाच कि.मी. वर. रोज जुन्या काळ्या सायकलवर जातात, मागं कॅरियरला डबा.
माझी सायकल जोडताना शेजारी येऊन बसले. सगळी पाहून झाल्यावर म्हणे, "कॅरियर कोठी गेला?" नसतोच म्हटलं. "मंग हे कायच्या कामाची?" फिरायच्या. "रिकामा फिरतस?" मी चाकात हवा भरत राहिलो.

२५ मार्च, मंगळ.
बाजारात सायकलची दोन दुकानं. शाळेच्या पोरींच्या सायकली अन् आनंदरावांसारख्या काळ्या. गिअरची एक होती, धूळ खात. माझ्या मापाची ट्यूब मागितली तं दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सायकलकडं. नागपूरहून मागवावी लागेल. गिअरची चेन कोण दुरुस्त करते विचारलं. म्हणे, कोणीच नाही, लोक चेन फेकून साधी टाकतात.
हे वाईट की चांगलं, ते ठरवता येत नाही. कोणी नाही म्हणजे मीच.

२६ मार्च, बुध.
जंगलाकडं गेलो. डांबरी रस्ता सुंदर, दोन्ही बाजूनं साग. चौकीवरच्या गार्डनं थांबवलं. समजदार माणूस. आत सायकल नाही, नियमच आहे. कडेच्या वाटांवर पण पहाटे अन् सांजच्याला येऊ नको म्हणाला, मोहफुलाचे दिवस आहेत, अस्वल मोहाखाली येते. "दिसलं तं तुमची सायकल तुमच्या कामाची नाही राहणार, त्याच्या कामाची पण नाही."
सांजचं कां.ला सांगितलं. ती म्हणे, बरं झालं, जंगल यादीतून कटलं.

२७ मार्च, गुरु.
गोसीखुर्द धरणाच्या कालव्याची वाट पाहून आलो. मुरूम टाकलेला, सरळ. दहा कि.मी. सरळ. एक वळण आलं तं आनंद झाला. वारा समोरून. पाय चालतात, डोकं झोपते. रोज हेच असलं तं मी पळून जाईन. लिहून ठेवतो म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

२८ मार्च, शुक्र.
आज सापडलं.
आनंदराव काका शेतावर निघाले, मी मागं. शेताजवळच्या गावाच्या तलावाची पाळ, मग बांध्याच बांध्या, धानाचे चौकोनी वाफे, त्याच्या पलीकडं दगडाची टेकडी. लाखोरी डाळ निघून गेलेली, बांध्या भेगाळलेल्या, रिकाम्या. अन् त्यांच्यामधले धुरे, मातीचे बांध. हात-दीड हात रुंद, ऊन खाऊन दगड झालेले. वाट काटकोनात वळते, एकाएकी हातभर खाली उतरते, पुन्हा चढते. पुण्यात लोक अशी वाट फावड्यानं मुद्दाम बनवतात. इथं अख्ख्या शिवारात पडली आहे.
लहानपणी दिघोरीत याच धुऱ्यांवरून शाळेत गेलो, म्हणजे आठवीपर्यंत. तेव्हा अनवाणी. धुऱ्यावरून कोणीही जावं, कोणी कोणाला विचारत नाही, हाच रिवाज. आज सायकलवर तीच वाट, अन् अंगात अशी झिणझिणी की मोठ्यानं हसलो. काका दूर झाडाखाली बसले होते, त्यांनी डोक्याला हात लावला.

३१ मार्च, सोम.
तीन दिवस तेच. मोबाईल हँडलला बांधून पूर्ण वाट नोंदवली. तलावाची पाळ, धुरे, टेकडीचा चढ (शेवटी उतरून ढकलावी लागते), परत गावरस्त्यानं. चौदा कि.मी. बोरीचे काटे फार, दोन पंक्चर. काटे आहेत म्हणजे दुकानाला काम आहे, असं कां.ला म्हटलं. ती खूप हसली.
ती खूश आहे. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या तिला नावानं हाका मारतात. काल एकीनं गवारीच्या शेंगा आणून दिल्या. पुण्यात तीन महिने राहिली तेव्हा शेजारीणही नावानं ओळखत नव्हती.
म्हणे, "मंग? होते का?" म्हटलं, होऊ शकते. पोळ्यापर्यंत सांगतो. हा मुहूर्त मीच काढला, तिनं नाही.

५ एप्रिल, शनि. पुणे
शेठला वाट दाखवली, मोबाईलवर. त्यानं ती बोटानं मोठी करून पाहिली. मग म्हणाला, "हे भारी आहे रे." आमच्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप आहे, त्यात नागपूरचे पण आहेत. त्यांना पाठवली. नाव दिलं, साकोली धुरा. दोन तासांत नागपूरहून सात जणांनी विचारलं. राहायची सोय? सायकल बिघडली तर? मी लिहिलं, मी असणार.
मी असणार. पाठवल्यावर वाचलं.

१८ मे, रवि.
टेकडी. एकच फेरी. वर बसून हिशेब करत नव्हतो, नुसतं पाहत होतो. खाली सगळी घरं. या टेकडीवर पण आता पाटी लागली आहे, इमारत होणार. म्हणजे इथली वाट पण कायमची नाही. हे मनाला बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.
नागपूरवाल्यांचे मेसेज येतात अधूनमधून. पावसाळ्यात हिरवं असेल ना भाई? मी अंगठा दाखवला. फक्त अंगठा.

१५ जून, रवि.
कां. म्हणे, आनंदराव काका धुऱ्याले माती लावून राहिले. रोज चिखलात. ऐकलं अन् हूं म्हटलं. दुकानात पावसाच्या आधीची गर्दी, हात ग्रीसचे, फोन खांद्यात धरलेला.

२१ जुलै, सोम.
कां.चा फोन ड्यूटीवरून. एरवी ड्यूटीवरून करत नाही.
काल नागपूरहून चार जण आले. मोबाईल पाहत पाहत धुऱ्यांवरून गेले. धुरा ओला, नवी माती. चाकांनी चिरला. पाणी फुटलं. चार बांध्यांचं पाणी एकाखाली एक वाहून नाल्यात. खालच्या दोन बांध्यांत परवाच रोवणी झाली होती, ती रोपं गाळाखाली. बांध्या आनंदराव काकांच्या.
गावच्यांनी त्या पोरांना अडवलं. त्यांनी मोबाईल दाखवला. हे पाहा, रस्ता आहे, नाव पण आहे.
कां. म्हणे, "नाव वाचून दाखवलं त्यानं. साकोली धुरा. मी तिथंच होतो, काकूसंग डबा घेऊन गेलो होतो."
तू काय बोललीस विचारलं. "काहीच नाही. मी नाही सांगत. पर मी त्याईच्या घरात राहतो. सकाळी त्याईच्याच इहिरीचं पाणी भरतो. तुमी येऊन सांगा."

२१ जुलै, तेच
पुन्हा लिहून राहिलो, कारण डोकं थांबत नाही.
आमच्या दिघोरीत माती लावल्यावर धुऱ्यावर बकरी जाऊ देत नाही. बाबा मला ओरडायचे, बांधीच्या आतून चाल, धुऱ्यावरून नको. रोवणी होईपर्यंत. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मार्चमध्ये वाट नोंदवली अन् महिना नोंदवलाच नाही. जूनमध्ये कां.नं सांगितलं, धुऱ्याले माती लावून राहिले. मी हूं म्हटलं.
नागपूरवाल्यांना काय माहीत. मला माहीत होतं.
ग्रुपमधून वाट काढून टाकली. पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडं आहेच. ती आता माझ्या हातात नाही.

२२ जुलै, मंगळ.
शेठला सांगितलं, जातो. शेठ म्हणाला सीझन आहे. म्हटलं तिकडं पण आहे. रागावला. "पोळ्यापर्यंत सांग, यायचंय की नाही. नाहीतर मी दुसरा बघतो." बरोबर आहे त्याचं. पाच वर्षं त्यानं मला सांभाळलं, अन् आठवी नापास माणसाला हात कसा वापरायचा ते शिकवलं.
सायकल नेली नाही.

२४ जुलै, गुरु. साकोली
सकाळी पोचलो. कां. ड्यूटीवर. सरळ शेतावर, पायी. पाच कि.मी. पूर्ण वेळ मनात वाक्य जुळवत होतो. सायकलवर हे अंतर कधी कळलंच नव्हतं.
काका धुऱ्यावर उभे, फुटलेल्या जागी पोती टाकलेली. जुळवलेलं वाक्य विसरलो. म्हटलं, काका, तो रस्ता मी टाकला होता मोबाईलवर.
"मले माहीत हाय."
कसं, विचारलं.
"मार्चात दांड्याले मोबाईल बांधून तूच तं फिरत होतास. दुसरं कोन येडं हाय इथं? तुह्या बाईले ईचारलं नाही म्या. तिचं तोंड पाहून समजलं."
मग पुन्हा पोत्यांवर माती ओढायला लागले. मला वाटलं संपलं. मग फावडं माझ्याकडं सरकवत, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "नागपूरच्या पोट्ट्यायले धुरा माहीत नाही, त्याईले काय बोलू. तू तं दिघोरीचा."
हे लागलं ते लागलं.

२५ जुलै, शुक्र.
धुरा बांधला. पोत्यांमागं माती, मग चिखल, मग थापी. माझा थर दोनदा घसरला. काका म्हणे, माती दाबायची असते, रंगवायची नसते. तिसऱ्यांदा बसला.
पाठ गेली.

२६ जुलै, शनि.
उरलेले पऱ्हे, धानाची रोपं, शोधायला घरोघर. ज्यांची रोवणी झाली त्यांच्याकडं थोडे राहतात. तीन घरांतून मिळाले. तिघांनी पण विचारलं, कोणाची बांधी, काय झालं. प्रत्येक ठिकाणी पूर्ण सांगितलं. पहिल्या घरी घाम फुटला. तिसऱ्या घरी नाही फुटला. एक म्हातारा म्हणे, सायकल शिकला अन् चालणं विसरला. त्याच्या सुना हसल्या. मी पण हसलो, अजून काय करणार.

२७ जुलै, रवि.
रोवणी. कां.ला सुट्टी, ती पण उतरली. आठ वर्षांनी बांधीत पाय. पहिली ओळ वाकडी, बाया चिडवत होत्या. चौथ्या ओळीपासून हात आपोआप. मला वाटलं होतं, हे हातातून गेलं.
एक बांधी पूर्ण झाली. दुसरीतली अर्धी नाही वाचली. काका म्हणे, अर्धी तं अर्धी. पण सारखे तिकडंच पाहत होते.

३० जुलै, बुध.
नागपूरच्या चौघांपैकी एकाचा फोन. हिंदीत बोलला, भाई हमको सच में पता नहीं था. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. काकांना फोन दिला. काकांनी त्याच्या सायकलची चाकं केवढी रुंद ते विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर म्हणे, "पोट्टा चांगला हाय. हिवाळ्यात येजो म्हटलं."
मी म्हटलं, काका, हिवाळ्यात चालते?
काका म्हणे, धान निघालं की काय नाही चालत. माणूस चालते, बैल चालते, तुमची सायकल काय हत्ती आहे? "पर माह्या धुऱ्याचं मी सांगतो. बाकीच्यायचं त्याईले ईचार. आतावरी कोनी ईचारत नव्हतं, कारन जाणारा इथलाच होता. त्याले महिना सांगा लागत नाही."
वाटेवर बांध्या कोणाकोणाच्या ते त्यांनी बोटावर मोजून सांगितलं. अकरा घरं.

२ ऑगस्ट, शनि.
चार घरं झाली. पहिल्यानं हो म्हटलं, अट एकच, कुत्र्याला घाबरायचं नाही. दुसऱ्याला वाटलं मी सरकारी माणूस आहे, सातबारा काढून आणला. तिसरा म्हणे उन्हाळी धान लावतो, माझ्या दोन बांध्या सोडून जा, तलावाच्या पाळीनं वळसा घे. चौथा नाही. नाही म्हणजे नाही. का ते पण नाही सांगितलं. चहा मात्र पाजला.
प्रत्येकाचा महिना वेगळा. हा दिवाळीपासून म्हणतो, तो तुळशीच्या लग्नानंतर, तो लाखोरी निघाल्यावर. मी मार्चमध्ये चौदा कि.मी. ची एक वाट पाहिली होती. ती एक वाट नाहीच, दर दोन महिन्यांनी वेगळीकडून जाते. पुण्यात कोणाला सांगितलं तं समजणार नाही. मला तरी कुठं समजलं होतं.

५ ऑगस्ट, मंगळ.
दोन दिवस दिघोरीला. आईला वाटलं कायमचा आलो. तिला काही सांगितलं नाही. बाबांना धुऱ्याचं सांगितलं. ते फक्त म्हणाले, मंग बसला का धुरा? बसला. "पाणी धरून हाय?" हो. बरं म्हणाले. त्यांचं मोठं बोलणं एवढंच असते.

९ ऑगस्ट, शनि.
अजून पाच घरं. चार हो, एक विचार करून सांगतो. हो म्हणणाऱ्यांत एकाची पोरगी बारावीला आहे, तिनं तिच्या सायकलचा ब्रेक दाखवला. दहा मिनिटांत बसवून दिला. लगेच शेजारच्या दोन पोरी सायकली घेऊन उभ्या. दुपार तिथंच गेली. गेली म्हणजे बरी गेली.

१२ ऑगस्ट, मंगळ.
आज कां.शी भांडण. भांडण पण नाही. मी म्हटलं, तू मार्चमध्ये म्हटलं होतंस, नाही जमलं तं पुण्याला येतो.
भाकरी थापत होती. हात नाही थांबवला.
"म्हटलं होतं. आता नाही म्हणत. मले इथं काम येते, लोकं ओळखतेत. तुमाले जा वाटलं तं जा, मी आडवी नाही येत. पर मी इथंच."
जेवताना नेहमीसारखं वाढलं. मी पण नेहमीसारखं जेवलो. एवढी जवळ बसली होती अन् मला पहिल्यांदा भीती वाटली.
म्हणजे आता प्रश्न सायकलचा राहिला नाही. पण खरं लिहायचं तं सायकलचा पण आहे. मी इथं फक्त तिच्यासाठी राहिलो तं दोन वर्षांनी पळेन, मला मी माहीत आहे. सुरतेत पण कोणासाठी तरीच थांबलो होतो. इथं स्वतःचं काही धरायला पाहिजे, हातात येईल असं.

१७ ऑगस्ट, रवि.
विचार करून सांगतो म्हणणारा हो म्हणाला. म्हणजे सहा पूर्ण हो, एक वळसा घालून हो, दोन नाही (दुसऱ्या घरी सातबारा पाहून झाल्यावर नाहीच निघालं). काकांचं घर धरून दहा. दोन्ही नाहीवाल्यांना वळसा घालता येते, पायी जाऊन पाहिलं.
राहिली एक. सायत्राबाई. एकटीच कसते, नवरा वारला, पोरगी दिल्या घरी. तिची बांधी बरोबर मधात. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला टेकडी, मधात तिचा एक धुरा. तो नसला तं दोन तुकडे, जोडत नाहीत. दुसरा वळसा नाही, नाला आहे.
दोनदा गेलो, घरी नव्हती.
काका म्हणे तिच्याशी गोड बोलू नको, तिला आवडत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळ.
बाजारात चौकाच्या मागं एक गाळा रिकामा आहे. पाहून आलो. उगाच. शटर उघडून दाखवलं त्यानं. आत पूर्वी पिठाची गिरणी होती, भिंती अजून पांढऱ्या. एका भिंतीवर अवजारं कुठं टांगायची ते मनात लावून पाहिलं. पाना इथं, चेन तोडायचं तिथं. मग बाहेर आलो.
कां.ला सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.
उद्या पोळा. काकांनी बैलांची शिंगं घासायला घेतली, मला मदतीला बोलावलं, मी सायत्राबाईकडं जातो म्हटलं तं सोडलं.
सापडली, बांधीतच. गवत निंदत होती. मी धुऱ्यावर न जाता बांधीच्या कडेनं गेलो, तिनं ते पाहिलं. 
सगळं सांगितलं. फुटलेला धुरा, नागपूरवाले, दहा घरं, कोण काय म्हणालं. गोड नाही बोललो. ती निंदतच होती, मधेच गवताची मूठ माझ्या पायाजवळ टाकायची.
संपल्यावर विचारलं, तुमचं काय?
"तू राहणार हायस का इथं?"
म्हटलं, अजून ठरलं नाही. उद्यापर्यंत ठरवायचं आहे.
"मंग मले कायले ईचारतस?"
मी म्हटलं, तुमी हो म्हटलं तं ठरवायला सोपं जाते. वाट पूर्ण होते.
ती उभी राहिली. कमरेवर हात. हसली नाही, रागावली पण नाही.
"राहणाऱ्याले मी हो म्हणतो. धुरा फुटला तं त्याच्या दारात जाता येते. जाणाऱ्याले काय हो म्हणू, बापू? फुटल्यावर फोन लावू का पुण्याले?"
 माझं ठरायला तिचं हो पाहिजे, तिचं हो व्हायला माझं ठरायला पाहिजे. ती पुन्हा वाकली. परत जावं तं पाय निघेना. चप्पल काढली, पँट वर केली, उतरलो. तिनं नको नाही म्हटलं, ये पण नाही. मी तिच्या बाजूच्या ओळीत निंदायला लागलो. धान सोडून गवत ओळखता येते अजून.
अर्धी बांधी झाली तेव्हा फोन वाजला. वरच्या खिशात. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखल. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. सायत्राबाईनं आपला हात पदराला पुसला, माझ्या खिशातून फोन काढला, कुठं दाबायचं ते विचारलं, अन् माझ्या कानाला धरून उभी राहिली.
शेठ. "बोल रोशन. काय ठरलं?"
ती इतकी जवळ की तिला पण ऐकू येत होतं. पाहत मात्र दुसरीकडं होती, नाल्याकडं.
म्हटलं, शेठ, हात भरले आहेत. सांजच्याला करतो.
"नक्की?"
नक्की.
तिनं फोन खिशात ठेवला, वरून थापटला. मग बांधी पूर्ण केली आम्ही. 
आता सांज झाली. काकांकडं बैलांच्या घंट्या वाजून राहिल्या. कां.ची ड्यूटी सुटली असेल, दहा मिनिटांत येईल. शेठला लावायचा फोन समोर ठेवला आहे. नखातला चिखल निघत नाही.
ती यायच्या आधी लावू की आल्यावर, एवढंच पाहून राहिलो.